कुंडीतली भाजी ऋतू पाहूनच लावा

मा. संपादक,

पहिला पाऊस पडला की गॅलरीत हौसेने कोथिंबीर पेरली जाते आणि आठ-दहा दिवसांत ती बुडाशी कुजते. धणे रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेराव्यात, पण दसऱ्यानंतर. मेथी-पालकाचाही खरा हंगाम तोच. उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलेली कोथिंबीर उष्णतेने लवकर फुलावर जाते. तिथे खत घालून उपयोग नाही.

पावसाळा वेलांचा: दोडका, कारले, काकडी. कुंडी किमान १५ इंची हवी. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवाच. भोक बुजले की मुळे सडून पाने पिवळी पडतात, आणि ती पाहून लोक आणखी पाणी घालतात! आधी बोटभर माती उकरून ओल तपासावी.

दोडक्याला फुले येऊनही फळ धरत नसेल तर वेल उपटू नका. फुलामागे इवलासा दोडका दिसतो ती मादी. उंच मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून संध्याकाळी फुले उमलल्यावर नराचे परागकण तिच्यावर हलकेच टेकवावेत. उन्हाळ्यात गवार, भेंडी. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंच थर.

– एक वाचक, पुणे