अंगणातील भूमिगत वायरिंगच्या सदोष व धोकादायक कामाबद्दल तक्रार

दि. २ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

यावल तालुक्यातील आमच्या घराच्या मीटर बोर्डापासून अंगणातून गोठ्यापर्यंत आणि फाटकावरील दिव्यापर्यंत जमिनीखालून वीज नेण्याचे काम आपल्या कंपनीने आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर, एप्रिलअखेरीस केले. आर्मर्ड (धातूचे चिलखत असलेली) केबल, पाऊण मीटर खोल चर, केबलच्या खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर आणि बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच), असे आपल्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले होते आणि त्याच दराने मी पूर्ण रक्कम भरली आहे. सणाला लेकी माहेरी आल्या होत्या. त्या गडबडीत चर कधी बुजवला गेला, हे मी पाहू शकलो नाही.

जूनमधील पहिल्या दमदार पावसानंतर माझ्या आईने सकाळी फाटकाची कडी काढायला हात लावला आणि तिला विजेचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून फाटकाजवळ खोदून घेतले, तेव्हा जेमतेम वीतभर खोलीवर पातळ पाइप लागला. त्यात पावसाचे पाणी साचले होते आणि त्या पाण्यात घरातल्या भिंतीवरून नेतात तसली साधी वायर पडलेली होती. दोन तुकडे नुसते पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती बोटाने ओढताच सुटून आली आणि आतले तांबे हिरवे-काळे पडलेले दिसले. वाळू आणि विटांचा मागमूस नव्हता, फाटकाच्या खांबाला अर्थिंगही केलेले नव्हते.

बोर्डात आरसीसीबीही नाही, फक्त एमसीबी आहे. एमसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो; ओल्या मातीतून थोडा प्रवाह गळत राहिला तर तो पडत नाही, आणि माणसाचा जीव घ्यायला तेवढा प्रवाह पुरेसा असतो. आरसीसीबी ही गळती ओळखूनच वीज तोडतो. तो बसवला असता तर बहुधा आईने कडीला हात लावण्याआधीच वीज बंद पडली असती.

खोलीचा आग्रह मी हौसेने धरलेला नव्हता. भारतीय मानक आयएस १२५५ मध्ये १.१ किलोव्होल्टपर्यंतच्या केबलसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर खोली सांगितली आहे. आमची जमीन तर तापीकाठची काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, आणि वरच्या थरात पुरलेली वायर दरवर्षी ताणली जाऊन जोड आधी सुटतो. शिवाय लिंबाचे आळे करताना मारलेले फावडे वीतभर सहज जाते. चिलखती केबल, तिच्यावर वीट आणि वाळू असती तर निदान फावडे विटेवर आदळून सावध होता आले असते.

भर उन्हात चर खणणाऱ्या मजुरांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्या हाती जे दिले तेच त्यांनी पुरले. ते साहित्य कोणी दिले आणि काम न तपासता बिल कोणी काढले, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

संपूर्ण वायरिंग काढून कोटेशनप्रमाणे नव्याने, विनामूल्य करून द्यावे. आर्मर्ड केबलच्या चिलखताचे आणि फाटकाच्या खांबाचे अर्थिंग करावे, चर बुजवण्यापूर्वी मला दाखवावा, मेगर चाचणी (केबलच्या इन्सुलेशनची तपासणी) माझ्यासमोर घेऊन परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा अहवाल द्यावा. पंधरा दिवसांत काम सुरू न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

सध्या अंगणाची लाइन बंद ठेवली असून गोठ्यात बॅटरीच्या उजेडात दूध काढावे लागते. कोटेशन, बिल आणि खड्ड्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वायरचा तो जोड मी जपून ठेवला आहे. आपला प्रतिनिधी आल्यावर तो दाखवीन.

आपला,
एक ग्राहक