डुक्कर फियाटला एमएच-०७ कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचा फोटो छापलात, बरं वाटलं. एरवी आमच्या भागाचे फोटो म्हणजे आंबा, मासळी, नाहीतर महामार्गाचे खड्डे. पण फोटोखाली ‘मूळ रूपात जपलेल्या गाड्या’ असं छापलंय, म्हणून हे पत्र. डावीकडच्या डुक्कर फियाटच्या बंपरवर पांढरी पाटी आहे आणि तिच्यावर एमएच-०७. शेजारच्या अ‍ॅम्बेसेडरला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पहिलीबद्दल बोलतो. दुसरीबद्दल जपून बोलायला हवं, कारण तो गाढवपणा मी स्वतः केलेला आहे.

डुक्कर फियाट, म्हणजे फियाट ११००-१०३, ही पन्नासच्या दशकातली गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. ते झालं १ मे १९६० ला. ज्याचा हा ०७, तो सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला १ मे १९८१ ला. आणि एमएच, मग कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, ही पद्धत नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यावरची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चारपर्यंत आकडे, संपला नंबर. त्या काळच्या मुंबईच्या गाड्यांचे नंबर बीएमने सुरू व्हायचे. डुक्करवर एमएच-०७ म्हणजे दशावतारातला राजा मनगटावर घड्याळ बांधून आल्यासारखं. (येतातही कधी कधी, ते सोडा.)

नंबर बदलला कसा असेल, याचा अंदाज आहे. मुंबईची गाडी गावी आणली की नंबर इथला करून घ्यावा लागतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तसं नाही. राज्याच्या आत गाडी कुठेही नेली तरी पत्ता आणि मालक बदलून घ्यायचा, नंबर तोच राहतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा नंबर लागतो. सावंतवाडीत गोव्याची जीडीए गाडी आणणाऱ्यांना हे ठाऊक असतं. काही जण मात्र हौसेने जुना नंबर सोडतात, कारण त्यांना ४१४१ हवा असतो, म्हणजे पाटीवर ‘दादा’ वाचता येतं. पासष्ट-सत्तर वर्षांचा नंबर त्या ‘दादा’पायी जातो आणि परत मिळत नाही.

२०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदणी करायची तर २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो, हे त्यातच लिहिलंय. अट एवढीच की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती, इतकंच. मी माझी डुक्कर बाजाराला नेतो, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

आता पिवळी अक्षरं. माझ्या गाडीचा नंबर वडिलांनी राखला, पण पाटी खाऱ्या हवेने गेली. मी तालुक्याच्या ठिकाणी रेडियमच्या दुकानात गेलो आणि ‘जुन्यासारखी’ करून द्या म्हटलं. पोराने काळ्या पाटीवर झळाळती पिवळी अक्षरं कापून चिकटवली. मला ती फार आवडली होती, खोटं कशाला सांगू! दुसऱ्याच दिवशी वेंगुर्ल्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, “गाडी भाड्याक लावलंस काय रे?” तेव्हा ट्यूब पेटली. काळ्यावर पिवळं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी! गोव्याला जाताना अशा शेकड्याने दिसतात, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. खासगी गाडीची जुनी पाटी काळ्यावर पांढरी. पांढऱ्यावर काळं हे या शतकातलं.

रस्त्यावर आज काय चालतं, हे वेगळं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता ती चक्राची आणि लॉकची ‘हाय सिक्युरिटी’ पाटी लावावी लागते. मीही लावली, जुन्याच नंबराची. नोंद संगणकावर चढलेली नव्हती, त्यापायी चार खेपा झाल्या, पण लावली. लॉक तोडल्याशिवाय ती निघत नाही आणि काढूही नये. प्रदर्शनाला गाडी उभी केली की तिच्यावर तारेच्या दोन हुकांनी माझी रंगवलेली पाटी अडकवतो. गाडी सुरू करायच्या आधी ती डिकीत जाते.

ही पाटी कुठे करून घेतली, हे मेळाव्यात सगळे विचारतात, म्हणून लिहितो. जुनी पाटी मांगरात (शेतातल्या खोपटात) सापडली. पत्र्याची चाळण झाली होती, पण उन्हात तिरकी धरली की ब्रशचे फटकारे दिसायचे. तेव्हाचे आकडे पेंटर हाताने काढायचा. आजच्या नियमात अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० जाड, मधलं अंतर १०. सगळ्या पाट्या एकाच साच्यातल्या. असा हात रेडियमच्या दुकानात मिळणार नाही. मला तो बंदरावर मिळाला. होड्यांवर नावं आणि नंबर लिहिणारे दोन-तीन जण अजून आहेत. त्यातल्या एकाला जुना पत्रा दाखवला. त्याने नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीला काळा हात दिला, वाळल्यावर खडूची दोरी ताणून दोन रेघा मारल्या आणि मला विचारलं, “आकडे सरळ काढूचे, की जुन्यासारखे?”

जुन्यासारखे, म्हटलं. तीनचं पोट जरा पुढे आलंय आणि शेवटचा सात रेघेच्या खाली उतरलाय. रंग होडीचाच आहे, दोन पावसाळे झाले, अजून सुटलेला नाही. पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा खालची ओळ लिहिण्याआधी पाटी तेवढी बघा.

आपला,
एक डुक्करवाला,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग