सेप्टिमियसला गुप्त संघटनेची गरज नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेममधल्या खलनायकांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण लुसियस सेप्टिमियस या रोमन सैनिकाबद्दल त्यात जे म्हटले आहे ते पटले नाही. एका गाजलेल्या गेममध्ये हा माणूस इजिप्तमधल्या प्राचीन गुप्त संघटनेचा क्रूर हस्तक म्हणून येतो आणि त्यामुळे या नगण्य शिपायाला उंची मिळाली, असे लेखकाचे मत. मला वाटते, त्याची उंची तिथेच कमी झाली.

मुळात तो नगण्य नव्हता. खुद्द ज्युलियस सीझरने यादवी युद्धाच्या आपल्या वृत्तांतात त्याचे नाव आणि हुद्दा नोंदवला आहे. हा लष्करी ट्रिब्यून, म्हणजे रोमन फौजेतला अधिकारी, इ.स.पू. 67 मधल्या चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत, पुढे यादवीत सीझरचा प्रतिस्पर्धी ठरलेल्या सेनापती पाँपीच्या हाताखाली तुकडी घेऊन लढला होता. पुढे इ.स.पू. 55 मध्ये सीरियाचा सुभेदार ऑलस गॅबिनियस याने गादीवरून हाकललेल्या बाराव्या टॉलेमीला इजिप्तमध्ये परत बसवले. त्यासाठी दहा हजार टॅलेंट (चांदी मोजायचे जुने वजन) देण्याचे राजाने कबूल केले होते म्हणे. गॅबिनियस परतला, पण राजाच्या रक्षणासाठी काही फौज मागे ठेवून. ‘गॅबिनियसचे शिपाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या फौजेत सेप्टिमियस होता. गॅबिनियस हा पाँपीच्याच गोटातला, म्हणजे सेप्टिमियसला अलेक्झांड्रियात नेऊन सोडणाऱ्या राजकारणात पाँपीचाही हात होता.

या फौजेचे पुढे काय झाले ते सीझरने थोडक्यात पण झणझणीत लिहिले आहे. ते अलेक्झांड्रियाच्या ऐषारामाला सरावले, रोमची शिस्त विसरले, तिथेच लग्ने केली, पोरेबाळे झाली. पार्थियनांविरुद्धच्या लढाईसाठी त्यांना परत न्यायला सीरियाचा सुभेदार बिब्युलस याने आपले दोन मुलगे पाठवले, तर या शिपायांनी त्या दोघांना ठार केले. इजिप्तच्या राजाचा सेनापती अकिलस याच्या ज्या वीस हजारांच्या सैन्यात ते होते, त्यात सिलिसिया आणि सीरियाकडचे चाचे आणि लुटारूही भरती झालेले होते. ज्या चाच्यांना संपवायला सेप्टिमियस तरुणपणी पाँपीबरोबर समुद्रावर गेला, तसल्यांच्याच जोडीने तो आता पगार घेत होता. कुठल्या कादंबरीकाराला हे सुचले असते?

आणि मग 28 सप्टेंबर, इ.स.पू. 48. फार्सालसला सीझरकडून हरलेला पाँपी आसरा मागत पेल्युझियमच्या किनाऱ्याजवळ आला. त्याला न्यायला एक साधी मासेमारीची होडी आली. तिच्यात अकिलस, सेप्टिमियस आणि साल्व्हियस नावाचा एक सेंच्युरियन, म्हणजे रोमन तुकडीचा नायक. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की सेप्टिमियसनेच आधी उठून पाँपीला लॅटिनमध्ये ‘इंपरेटर’ (सेनापती) म्हणून हाक मारली. होडी किनाऱ्याकडे निघाली, कोणी बोलेना. तेव्हा पाँपीने त्याच्याकडे बघून विचारले, मी चुकत नसेन तर तू माझा जुना लढाईतला सोबती ना? सेप्टिमियसने नुसती मान हलवली, शब्द नाही. पाँपी आताचा राजा तेरावा टॉलेमी याच्यासमोर करायचे ग्रीक भाषण वाचत बसला. किनारा आला, तो आपला मुक्त केलेला गुलाम फिलिप याचा हात धरून उठू लागला आणि पहिला वार पाठीमागून सेप्टिमियसने केला. बायको कॉर्नेलिया जहाजावरून हे सगळे बघत होती.

त्या मान हलवण्यात खलनायक पुरता उभा आहे. आता यामागे एखादा मुखवटेधारी संघ उभा करा, त्याचे चिन्ह सेप्टिमियसच्या दंडावर गोंदवा, शपथ घालायला लावा. मग तो फक्त हुकूम पाळतो. मान का हलवली, हा प्रश्नच उरत नाही.

शिवाय या खुनात गुप्त असे फार थोडे होते. तरुण तेराव्या टॉलेमीच्या दरबारात मसलत झाली. पाँपीला घ्यावे की परत पाठवावे यावर दोन मते पडली. कीऑसचा थिओडोटस हा राजाचा वक्तृत्वाचा शिक्षक. त्याने दोन्हींतले धोके दाखवले आणि मेलेला माणूस चावत नाही, असे म्हणून निकाल लावला. म्हणजे कट कोणी केला, युक्तिवाद काय झाला, वार कोणी केला, हे सगळे प्लूटार्कपर्यंत पोचले होते.

गेम करणाऱ्यांची अडचण मला समजते. खेळणाऱ्याला शेवटी मारायला कोणी तरी लागतो, आणि पगार, बायकापोरे, मालक बदलणे यांच्याशी तलवारीने लढता येत नाही. संघटना असली की एकेक सदस्य टिपत कथा पुढे सरकते. त्यात प्राचीन अलेक्झांड्रियाचे रस्ते इतक्या मेहनतीने उभे केलेले असतात की माझ्यासारखा माणूसही भाच्याच्या खांद्यावरून बघत बसतो. तक्रार रंजनाबद्दल नाही. आपल्या लेखकाने यालाच ‘पात्राला खोली देणे’ म्हटले, त्याबद्दल आहे.

खोली द्यायचीच असेल तर जागा मोकळी आहे. या प्रकरणातल्या इतरांचा हिशेब लागला: राजाचा कारभारी पोथिनस याला सीझरने मारवले, अकिलस आपल्याच गोटातल्या भांडणात राजाच्या बहिणीचा माणूस गॅनिमीड याच्या हातून गेला, थिओडोटस पळाला तरी पुढे आशियात सापडला आणि मारला गेला. सेप्टिमियसचे मात्र त्या होडीनंतर प्लूटार्कही काही सांगत नाही आणि सीझरही. आपल्या पुरवणीत कथास्पर्धा होतात, तेव्हा एखाद्या तरुण लेखकाने त्या संध्याकाळी घरी परतलेल्या, बायकोने काय झाले म्हणून विचारलेल्या सेप्टिमियसवर लिहून बघावे. मी जरूर वाचेन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज