फायर अलार्मवाल्याला सर्टिफिकेट द्या, पण आधी साइटवर पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळ्याच पेपरात फायर अँड सेफ्टी कोर्सच्या जाहिराती सुरू होतात, सहा महिने, एक वर्ष, शंभर टक्के नोकरी वगैरे, आणि मग ती सर्टिफिकेटवाली पोरं आमच्याकडे कामाला येतात. मी पिंपरी-चिंचवडला फायर अलार्मच्या सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणजे धूर ओळखणारे डिटेक्टर, ते जिथे जोडतात ते पॅनेल आणि भोंगे म्हणजे हूटर बसवायचे आणि पुढे एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, ते सांभाळायचे. आमच्या लाइनीत एक भांडण कायम चालू असतं, कोर्स मोठा का अनुभव मोठा. जुने म्हणतात कोर्सवाल्याला पॅनेल उघडता येत नाही, नवीन म्हणतात जुन्यांनी स्टँडर्ड, म्हणजे अलार्म कसा बसवायचा-सांभाळायचा याचे लेखी नियम, कधी वाचलेलं नाही. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे, आणि भोगायला लागतं ते त्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना.

आधी कोर्सचं बोलतो. या कोर्समध्ये आगीचे प्रकार शिकवतात, कुठल्या आगीला कुठलं एक्स्टिंग्विशर, होज कसा धरायचा, ड्रिल कशी घ्यायची, रजिस्टर कसं भरायचं. हे सगळं लागतंच, त्याला नावं ठेवत नाही. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय घ्या किंवा मुंबईत कालिन्याची राज्याची अग्निशमन अकादमी, तिथे तर चांगले फायर ऑफिसर आणि जवान घडतात. पण अलार्म सिस्टीम हे वेगळंच काम आहे, अर्धं इलेक्ट्रॉनिक्स, अर्धं वायरिंग. इंटरव्ह्यूला आलेल्या पोराला ए, बी, सी हे आगीचे प्रकार पाठ असतात पण झोनच्या, म्हणजे बिल्डिंगच्या एका भागाच्या लाइनीच्या, शेवटच्या डिटेक्टरला तो छोटा रेझिस्टर का लावलाय हे विचारलं की गप्प बसतो. पोराचा काय दोष, घरच्यांनी फी भरलेली असते, त्याला कुणी चालू पॅनेल उघडून दाखवलेलंच नसतं.

दुसरं ट्रेनिंग म्हणजे पॅनेल कंपन्यांचं, दोन-तीन दिवसांचं. ते चांगलं असतं पण त्यांच्याच मॉडेलपुरतं, सॉफ्टवेअर कसं टाकायचं, डिटेक्टरला ॲड्रेस म्हणजे ओळखीचे नंबर कसे द्यायचे. आणि खरं सांगतो, बऱ्याच ठिकाणी त्या ट्रेनिंगला ऑफिसमधला माणूस जातो, घोड्यावर, म्हणजे उभ्या शिडीवर, चढून डिटेक्टर काढणारा पोरगा जात नाही.

आता अनुभव का लागतो ते एका उदाहरणाने सांगतो, पावसाळ्यातला अर्थ फॉल्ट, म्हणजे ओल लागून वायरचा करंट जमिनीत गळणं. आमच्या लाइनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, जून-जुलैत रात्री पॅनेल बीप करायला लागतं, अर्थ फॉल्ट, वॉचमन फोन करतो, सकाळी माणूस पोचतो तोपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि फॉल्ट गेलेला असतो. नवीन पोरगा रिसेट करतो, रिपोर्टवर 'सिस्टीम ओके' लिहितो आणि निघतो, रात्री परत तेच. जुना माणूस काय करतो, तो पॅनेलकडे बघतच नाही आधी, वॉचमनला विचारतो किती वाजता आला, तेव्हा पाऊस होता का, मग सरळ टेरेसवर नाहीतर बेसमेंटच्या रॅम्पपाशी जातो, कारण पाणी तिथूनच शिरतं. जंक्शन बॉक्सचं झाकण उघडतो, आत हिरवट गंज चढलेलं टर्मिनल असतं, केबल जिथून बॉक्समध्ये शिरते ती ग्लँड सैल असते, वायर कंड्युटमधून पाणी घेऊन आलेली असते. तिथे नाही सापडलं तर लूप, म्हणजे पॅनेलपासून निघून परत पॅनेललाच येणारी वायर, मध्यावर तोडतो, एकेका बाजूची कोअर म्हणजे आतली तार अर्थशी मीटरने चेक करतो, परत अर्धा करतो, असं करत करत एका बॉक्सपर्यंत येतो. हे फळ्यावर दहा मिनिटांत शिकवता येतं, पण फॉल्स सिलिंगमध्ये डोकं घालून, ड्रॉइंग एक आणि केबल गेलीय भलतीकडे अशा परिस्थितीत करायला हात बसावा लागतो आणि हात साइटवरच बसतो.

पण म्हणून नुसता अनुभव पुरतो असं जे आमचे जुने लोक म्हणतात तेही मला पटत नाही. उलट काही वाईट सवयी अनुभवातूनच पसरतात, उस्तादाने केलं म्हणून चेल्याने केलं. तोच रेझिस्टर घ्या. तो लाइनीच्या शेवटी असतो म्हणून तर मध्ये कुठे वायर तुटली की पॅनेलला कळतं. पण फॉल्ट सापडत नाही, क्लायंट डोक्यावर बसलाय, मग काही जण तो रेझिस्टर काढून पॅनेलमध्येच टर्मिनलला लावतात. पॅनेलवर हिरवा दिवा, फॉल्ट गायब, सगळे खूश. आणि बाहेर अख्ख्या मजल्याची वायर तुटलेली असली तरी ते पॅनेल 'नॉर्मल'च दाखवणार. मी अशा साइट्स बघितल्यात आणि विचारल्यावर उत्तर मिळतं की आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. त्या माणसाला फसवायचं नसतं हो, तो रेझिस्टर कशासाठी आहे हेच त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं. ॲड्रेसेबल पॅनेलमध्ये, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर नंबराने ओळखणाऱ्या पॅनेलमध्ये, लूप ओपनचा म्हणजे लूप कुठेतरी तुटल्याचा फॉल्ट महिनोन् महिने तसाच ठेवतात ते पण त्यातलंच, दोन्ही बाजूंनी सप्लाय मिळतोय, सगळे डिटेक्टर दिसतायत, मग घाई काय. पण दुसरीकडे अजून एक वायर तुटली की मधले सगळे डिटेक्टर एका फटक्यात गेले. वायरमनकीतून आलेले काही जण तर डिटेक्टर लावलेल्या लाइनीवर सरळ 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मारतात, पॉवर केबलला मारायची सवय असते ना, आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

बॅटरीचं तर विचारूच नका. पॅनेलमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मीटर लावला की 27 व्होल्टच्या आसपास दिसतं, लिहिलं 'बॅटरी ओके'. अहो ते चार्जरचं व्होल्टेज आहे. मेन बंद करा, हूटर वाजवा आणि मग बघा, मेलेली बॅटरी बघता बघता खाली बसते. आग लागली की लाइट आधी जाते आणि तेव्हा याच बॅटरीवर सगळी मदार असते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे कायदा आहे आणि बरा कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म बी घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा. पण लायसन्स असतं एजन्सीच्या नावावर. प्रत्यक्ष पॅनेल उघडणारा, घोड्यावर चढणारा माणूस कोण, त्याला काय येतं, हे त्या कागदावरून कळत नाही. घरात वायरिंग करायला परवानाधारक वायरमन लागतो आणि हॉस्पिटलचा फायर अलार्म तपासायला मात्र कालच जॉइन झालेला पोरगा चालतो, हे मला तरी पटत नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 बाळं गेली, सगळीकडे ऑडिटची धावपळ झाली, आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूत आग लागून 11 रुग्णांचा जीव गेला. प्रत्येक आगीनंतर ऑडिट वाढतात, कामं वाढतात, पण काम करणारी तयार माणसं एका रात्रीत कुठून येणार, मग जो मिळेल त्याला बॅग देऊन पाठवतात.

माझं मागणं फार मोठं नाही. अमेरिकेत नायसेट म्हणून सर्टिफिकेशन आहे, फायर अलार्मला चार लेव्हल आहेत, आणि नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही, साइटवर काय काय काम केलं त्याची नोंद आणि वरिष्ठाचा शेरा लागतो. तसं आपल्याकडे का नको? आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे ट्रेड आहेतच, त्यांच्या पुढे फायर अलार्मचा छोटा कोर्स जोडा आणि मग एक वर्ष जुन्या माणसाच्या हाताखाली, स्टायपेंड देऊन, लॉगबुक भरत. परीक्षा पेपरवर नको, एका बोर्डवर पॅनेल, डिटेक्टर, हूटर लावा, त्यात मुद्दाम चार फॉल्ट घाला आणि शोधून काढ म्हणावं. आणि जे दहावी नापास झालेले पण हातात जादू असलेले जुने लोक आहेत त्यांना शिक्षणाची अट लावून बाहेर काढू नका, त्यांना तीच बोर्डवरची परीक्षा द्या आणि आयएस 2189, म्हणजे फायर अलार्मचं भारतीय स्टँडर्ड, त्यातलं कामापुरतं जे आहे ते मराठीत नीट समजावून सांगा. ते स्टँडर्ड इंग्रजीत आहे, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते हातात धरलेलं नाही, आणि यात लाज त्यांची नाही.

आणि तोपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींनी एवढं तरी करा, फॉर्म बी हातात घ्यायच्या आधी त्या टेक्निशियनला म्हणा की आमच्यासमोर मेन बंद करून हूटर वाजव, आणि कुठल्याही मजल्यावरचा आम्ही सांगू तो एक डिटेक्टर काढून दाखव, पॅनेलवर फॉल्ट येतो का बघू. खरं काम येणाऱ्याला याचा राग येणार नाही, बरंच वाटेल. फॉर्म बी मध्ये शिक्क्याच्या खाली प्रत्यक्ष टेस्टिंग केलेल्या माणसाचं नाव आणि सही असा रकाना शासनाने टाकावा, पुढच्या जुलैच्या आधी होण्यासारखं आहे.

आपला,
एक फायर अलार्म सर्व्हिस इंजिनियर,
पिंपरी-चिंचवड