खेळातले मध्ययुग अडते ते पैशात

महोदय,

रविवारच्या पुरवणीत टेबलावरच्या कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांवरचा लेख वाचला. मध्ययुगाचा खरेपणा आणायचा तर तलवारी-चिलखते अचूक हवीत, असा त्याचा सूर होता. तलवारीत फारसे अडत नाही हो. ती खेळातही दीड किलोच्या आतच आहे. अडते ते पैशात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाच्या २०१४च्या नियमांत बिनकसबी मजुराचा रोज चांदीची दोन नाणी आहे. १३४८च्या महामारीआधी इंग्लंडमधला मजूरही दिवसाला दीड-दोन पेनीच कमवायचा. तेव्हा चांदीचे एक नाणे म्हणजे एक पेनी धरा; खेळात चांदीच्या दहा नाण्यांचे सोन्याचे एक, म्हणून ते आपोआप दहा पेनींचे होते. मात्र ते हिशेबापुरतेच ठेवावे, खेळाडूंना सापडणाऱ्या खजिन्याच्या पेटीत चांदीच द्यावी. इंग्लंडात सोन्याचे नाणे रुळले ते १३४४नंतर, आणि तो ‘नोबल’ ८० पेनींचा, म्हणजे मजुराची चाळीस दिवसांची कमाई. खेड्यातल्या गुत्त्यावर त्याची मोड कोण देणार?

आता गुहेत सापडणारी नेहमीची हजार सोन्याची नाणी घ्या. १०,००० पेनी झाल्या. त्या काळची पेनी सुमारे १.४ ग्रॅमची, म्हणजे १४ किलो चांदी. एका मजुराचे ५,००० रोज! शिवाय पुरलेले बेवारस धन राजाचे, त्याच्या चौकशीला कोरोनर हा राजाचा अधिकारी येणार. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’ला, पुढचे कथानक फुकटात मिळते.

दाणावैरणीचेही तेच. ओझ्याचा घोडा साधारण १०० किलो वाहतो आणि दाणा-गवत मिळून रोज १० किलोच्या घरात खातो. वाटेत चराई नसेल, तर दहाव्या दिवशी पाठीवर काही उरत नाही. परतायचे असेल, तर पाचव्या दिवशीच मागे वळावे लागते.

सगळ्यात मोठे भगदाड पाडतो तो खेळातला अन्न निर्माण करणारा मंत्र. एका मंत्रात १५ माणसांचे दिवसभराचे भागते. पाचव्या पातळीचा एकच पुरोहित रोज दोनदा मंत्र म्हणून तीस जणांची गढी बेमुदत जगवतो. फ्रान्समधले कॅले शहर ११ महिन्यांच्या वेढ्यानंतर १३४७मध्ये उपासमारीनेच पडले होते. अशा मंत्रापुढे वेढ्याला अर्थच उरत नाही. मंत्र काढून टाकायची गरज नाही, त्यासाठी तेवढेच बियाण्याचे धान्य खर्ची घालायला लावावे. आज जगायचे की पुढच्या हंगामात पेरायचे, हे मग खेळाडूंनीच ठरवावे.

हा सारा हिशेब बैठकीच्या सुरुवातीला एकदाच, पाच मिनिटांत उरकावा. दर मुक्कामाला शेर-पायली मोजायला लावली, तर तिसऱ्या बैठकीला टेबलाशी डीएम एकटाच बसलेला दिसेल.

— एक वाचक, नाशिक