घराच्या पोटमाळ्याच्या कामाबद्दल एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

अमेरिकेतील मिनियापोलिसमधील आमच्या घराच्या छपराखालच्या माळ्याचे काम आपल्या मार्गदर्शनाखाली उत्तम रीतीने पार पडले. आभार खासगीत मानता आले असते; परंतु आपण जे समजावून सांगितलेत ते येथील अनेक मराठी कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

हिवाळ्यात आमच्या वळचणीला बर्फाचा बांध साचत असे आणि थंडी ओसरू लागली की खोल्यांच्या छतावर ओलसर डाग उमटत. एका कंत्राटदाराने हे छप्पर गळत असल्याचे लक्षण मानून ते संपूर्ण बदलण्याचा सल्ला दिला होता. आपण स्वतः माळ्यावर चढलात, फळ्यांतून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर जमलेले हिम आम्हाला दाखवलेत आणि खरे कारण सांगितलेत. घरातील उबदार, दमट हवा छतातील फटींतून वर जाते, तिच्यातील बाष्प थंड फळ्यांवर व खिळ्यांवर गोठते आणि हवा तापली की वितळून ठिबकते. वर गेलेली तीच ऊब छपरावरचा बर्फही वितळवते आणि ते पाणी थंड वळचणीशी येताच पुन्हा गोठते.

म्हणूनच इन्सुलेशनचे, म्हणजे ऊब घरातच रोखणाऱ्या भरावाचे, एकही पोते उघडण्यापूर्वी फटी बुजवण्याचा आग्रह आपण धरलात. भिंतींच्या माथ्यावरील भेगा, वायरींची छिद्रे आणि सांडपाण्याच्या नळाभोवतीची पोकळी फोमने भरली गेली. घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराड्याभोवती मात्र फोम न वापरता पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंट लावले गेले. न्हाणीघराचा पंखा दमट हवा माळ्यातच सोडत होता, त्याची नळी आपण छपराबाहेर काढायला लावलीत. जुन्या घरांत इन्सुलेशन म्हणून पसरलेल्या वर्मिक्युलाइट या खनिजाच्या दाण्यांमध्ये फुफ्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे तसे काही दिसल्यास तपासणीशिवाय हात लावू नये, हेही आपण आधीच बजावले होते. सुदैवाने आमच्याकडे ते नव्हते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती हवेच्या वाटेबद्दलची आपली दक्षता. कोकणातील कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा आपसूक खेळते. येथे ती वाट मुद्दाम राखावी लागते. कामगार इन्सुलेशन थेट वळचणीपर्यंत पसरवण्याच्या बेतात होते, तेव्हा आपण त्यांना थांबवून वाशांमधील प्रत्येक गाळ्यात बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारे पन्हळीसारखे तक्ते) बसवून घेतलेत, जेणेकरून सॉफिटमधून, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूच्या झरोक्यांतून, आलेली हवा छपराच्या फळ्यांखालून वर आढ्यापर्यंत जात राहील. माळ्याच्या 300 चौरस फुटांमागे हवेसाठी 1 चौरस फूट मोकळी वाट, हा हिशेब करून आमच्या 1,200 चौरस फुटांसाठी 4 चौरस फूट वाट हवी, तीही निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याजवळ, असे आपण कागदावर मांडून दाखवलेत. झरोक्यांवरच्या जाळीने अडणारी जागा त्यातून वजा करायला आपण विसरला नाहीत.

त्यानंतरच सुमारे 17 इंच सेल्युलोज (कागदाच्या बारीक तुकड्यांचे इन्सुलेशन) पसरले गेले आणि आर-60 ही उष्णतारोधाची पातळी गाठली. माळ्यावर जाण्याच्या झाकणालाही आपण इन्सुलेशन आणि कडेने रबरी पट्टी लावून घेतलीत, एरवी जे सहज राहून जाते. गेल्या हिवाळ्यात वळचणीला बांध साचला नाही आणि छत कोरडे राहिले.

आपण दिलेल्या वेळाचा मोबदला घेण्यास नकार दिलात, त्याचा आम्ही आदर करतो. घरातील सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक ऋणी शेजारी