पडद्यावर दिसले म्हणजे नळी गेली असे नव्हे

संपादक महोदय,

नवा, स्वस्त व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत श्वासाची नळी घालताना घशाचा आतला भाग पडद्यावर दाखवणारे कॅमेऱ्याचे उपकरण) आला की त्याच्या बातमीत बहुधा सरावाच्या पुतळ्यावर झटपट नळी घातल्याचा दावा असतो आणि पडद्यावरच्या स्वरतंतूंचा लख्ख फोटो. एवढ्यावर कोणत्याही रुग्णालयाने खरेदी करू नये. पुतळ्याच्या तोंडात लाळ नसते, रक्त नसते आणि त्याचा ऑक्सिजनही घसरत नाही.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपला आमचा विरोध नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 222 अभ्यास एकत्र तपासले गेले आणि या उपकरणांनी नळी न जाण्याचे प्रसंग कमी होतात असेच दिसले. पण जास्त बाकाच्या ब्लेडची, म्हणजे तोंडात घालायच्या पात्याची, अडचण वेगळी आहे. कॅमेरा वळणापलीकडचे दाखवतो, नळीला मात्र ते वळण घ्यावेच लागते. त्यासाठी स्टायलेटला, म्हणजे नळीला आकार देणाऱ्या आतल्या तारेला, ब्लेडइतकाच बाक हवा. टोक स्वरतंतूंतून आत शिरताच स्टायलेट थोडा मागे ओढला नाही, तर नळी श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर अडते. कॅमेरा स्वरयंत्राच्या फार जवळ नेला तर चित्र सुरेख येते, पण नळी वळवायला जागा उरत नाही. ब्लेड किंचित मागे घ्यावे लागते. शिवाय नळी तोंडात शिरत असताना नजर पडद्यावर असेल, तर मऊ टाळू किंवा टॉन्सिलजवळचा भाग फाटू शकतो.

म्हणून उपकरणाच्या रुग्णांवरील चाचणीत पाहायचे ते हे, की पहिल्याच प्रयत्नात नळी श्वासनलिकेत गेली का. स्वरतंतू किती दिसले याची कॉर्मॅक-लेहेन श्रेणी इथे फारशी कामाची नाही. 1984 ची ती मांडणी थेट डोळ्यांनी पाहण्यासाठी होती. वेळ मोजायचा तर ब्लेड दातांच्या आत गेल्यापासून कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला वायू मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन डायऑक्साइडची लहर सलग उमटू लागेपर्यंत. ‘नळी आत जाताना दिसली’ इथेच घड्याळ थांबवले, तर आकडा अर्थातच छान येतो! कोणत्या रुग्णाला कोणते उपकरण वापरायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि ती चिठ्ठी भूल देण्याच्या जरा आधी उघडावी. नळी घालणाऱ्यापासून उपकरण लपवता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी घसा तपासणाऱ्यापासून नक्की लपवता येते. नळी घालणाऱ्याचा त्या उपकरणावर हात किती बसला होता, हेही नोंदवावे. थेट डोळ्यांनी पाहायच्या नेहमीच्या मॅकिन्टॉश ब्लेडवर वर्षे काढलेल्याच्या हातात नवे यंत्र देऊन केलेली तुलना कोणालाच न्याय देत नाही.

रुग्णही सोपे निवडून चालत नाही. त्यांच्यात कोणत्याही ब्लेडने नळी जाते, मग फरक दिसणार कसा? आपल्याकडे गुटख्यामुळे तोंड जेमतेम दोन बोटे उघडणारे रुग्ण नेहमीचे आहेत. तिथे जाड ब्लेड आतच जात नाही, कॅमेरा कितीही चांगला असो. अशांपैकी अनेकांना जागेपणीच फायबरऑप्टिक स्कोपवरून (बारीक, लवचीक दुर्बिणीवरून) नळी घालावी लागते. तेव्हा विक्रेत्याला ब्लेडची सर्वांत जाड जागेची जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी, आणि एकदाच वापरायच्या ब्लेडची किंमतही.

– दोन भूलतज्ज्ञ, पुणे